पाठ न होणाऱ्या बारा नसा

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, अकरावी-बारावी लातूरला. तिथं पाठांतरानं मला कधी दगा दिला नाही. आता ॲनाटॉमीत हेड-नेक (डोकं-मान) सुरू आहे आणि क्रेनियल नर्व्हजपाशी, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपाशी, मी पार अडकले आहे. न्यूक्लियस (नसेचा मेंदूतला उगम), कोर्स (तिचा रस्ता), फोरामेन (कवटीतलं भोक), ब्रांचेस (फांद्या)... सातवीपर्यंत पोचते तोवर तिसरी पुसून जाते. परवा वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी विचारलं, बारावी नर्व्ह गेली तर जीभ कुठल्या बाजूला वळते? मी उजवी म्हणाले, मग डावी म्हणाले, मग रडू आलं.

दुसरं असं की पाडव्याला गावी गेले तर थोरल्या काकांचं तोंड वाकडं झालेलं. रात्री अंगणात झोपले होते, सकाळी चूळ भरताना पाणी एका अंगानं सांडलं. आजी म्हणाली, वारं गेलं. सगळे माझ्याकडं बघायलेत, ‘तू डाक्टर व्हायलीस न, सांग की काय झालंय.’ मला काही सांगता आलं नाही. मग त्यांना एका बाबाकडं नेलं, त्यानं कानामागं बिब्बा लावला. आता पंधरा दिवस झालेत, थोडा फरक आहे म्हणतात. मॅडम, मी चुकीच्या जागी तर आले नाही ना?

– एक विद्यार्थिनी, मराठवाडा

उत्तर:

अगं पोरी, आधी काकांचं बघू. वायवा कुठं पळून जात नाही.

आज संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल लाव. काकांना उजेडात बसव आणि सांग: भुवया वर उचला, डोळे गच्च मिटा, दात दाखवा, गाल फुगवा. मग दोन्ही हात समोर धरून दहापर्यंत मोजायला लाव. तू बघायचं ते कपाळाकडं. घरचे सगळे ओठाकडं बघत असतात, पण खरी बातमी कपाळावर असते. वाकड्या चेहऱ्याच्या बाजूला आठ्या पडत नाहीत, डोळाही मिटत नाही, हातापायांत जोर शाबूत आहे, बोलणं स्वच्छ आहे, तर बिघाड बहुधा मेंदूबाहेर, चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या सातव्या नर्व्हमध्येच आहे. याला बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल या सर्जननं 1821 मध्ये चेहऱ्याच्या नसांवर निबंध वाचला, त्याचं नाव चिकटलं. पण कपाळाला दोन्हीकडं नीट आठ्या पडतात आणि फक्त तोंडाचा कोपरा खाली आलाय, तर संशय मेंदूवर घ्यायचा, म्हणजे आपल्याकडं ज्याला लकवा म्हणतात त्यावर. कारण साधं आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून हुकूम येतो, चेहऱ्याच्या खालच्या भागाला मुख्यतः फक्त पलीकडच्या अर्ध्याकडून. मेंदूची एक बाजू बंद पडली तरी कपाळाला दुसरीकडून मिळत राहतं. नसच बंद पडली तर सगळ्याच अर्ध्या चेहऱ्याचं मिळणं बंद.

या नियमाला अपवाद आहेत. सातवीचा न्यूक्लियस पॉन्समध्ये, म्हणजे मेंदूच्या खोडाच्या मधल्या भागात असतो. तिथंच रक्तपुरवठा बंद झाला तरी कपाळ जातं. म्हणून तुझी फोनवरची तपासणी ही डॉक्टरकडं जायचं टाळण्यासाठी नाही. आणि पुढं कधी गावात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात जड पडला, जीभ अडखळली, तर झाडपाला, बाबा, उद्या बघू, काही नाही. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्याकडं वाडीवरून सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात पोचेपर्यंतच दोन-तीन तास जातात.

काकांच्या बाबतीत सर्वांत नाजूक गोष्ट तोंड नाही, डोळा आहे. पापणी मिटत नसेल तर बुबुळाचा पडदा सुकतो, त्यावर कचरा बसतो, जखम होते आणि नजर जाऊ शकते. दिवसा डोळा ओला ठेवणारे थेंब, शेतात जाताना गॉगल, रात्री मलम घालून पापणी कागदी पट्टीनं मिटवून ठेवायची. थेंब-मलम डॉक्टर लिहून देतील. दूध, मध, तूप यातलं काहीही डोळ्यात नको. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग पहिल्या 72 तासांत सुरू केल्या तर जास्त होतो, ती वेळ गेली. तरी त्यांना दाखवायला न्यायचंच: साखर आणि बीपी बघायला हवं, कानात किंवा कानामागं पुरळ-फोड आहेत का ते बघायला हवं, आणि कान पूर्वीपासून वाहतो का हे विचारायला हवं. आपल्या भागात लहानपणापासून फुटलेला कान घेऊन पन्नाशी गाठलेली माणसं कमी नाहीत. त्या कानातला रोग हाड पोखरत थेट सातवीच्या नळीपर्यंत जातो, तेव्हा ती बेल्स पाल्सी नसते आणि वाट बघत बसण्यात अर्थ नसतो. अंगावर बधिर चट्टा असेल तर तेही सांग. कुष्ठरोगातही पापणी मिटणं जातं.

बाबाविषयी. बेल्स पाल्सीचे बहुतेक रुग्ण तीन आठवड्यांपासून काही महिन्यांत आपोआप पुष्कळ सुधारतात. दहाव्या दिवशी जो काही लावेल, त्याला यश येतं. बाबाचं औषध चांगलं नाही, त्यानं आजार हुशारीनं निवडलाय. बिब्ब्यानं मात्र कातडी भाजते, तेवढं बघून घे. आणि कुठल्या कानामागं लावला ते विचारून बघ. लोक ज्या बाजूला तोंड ओढलं गेलंय ती बाजू बिघडली असं समजतात. बिघडलेली असते दुसरी. तिचे स्नायू ढिले पडतात आणि चांगली बाजू तोंड आपल्याकडं ओढून घेते.

आजीला खोटं पाडायला जाऊ नकोस. गार वाऱ्यानं हे होतं असं सिद्ध झालेलं नाही. नागिणीच्या जवळच्या नात्यातला एक विषाणू, ओठावर फोड उठवतो तो, त्याच्यावर संशय आहे. नस सुजते, आणि ती हाडाच्या अरुंद नळीत असल्यानं सुजायला जागा नसते, म्हणून दबते. एवढं आजीला सांगितलंस तरी पुष्कळ झालं.

आता ही नळीच बघ, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

सातवी पॉन्स आणि त्याच्या खालचा मेड्युला यांच्या सांध्यातून निघते, ऐकण्याच्या आठवीच्या सोबतीनं इंटर्नल अकूस्टिक मीएटसमध्ये, म्हणजे कानाकडं जाणाऱ्या हाडातल्या बोगद्यात शिरते. पुढं जेनिक्युलेट गँग्लियन या तिच्याच गाठीपाशी वळण घेते, मधल्या कानाच्या भिंतीतून खाली उतरते, स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनमधून कानामागून बाहेर पडते आणि कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीत शिरून पाच फांद्यांनी चेहऱ्यावर पसरते. हे तू पाठ केलंच असशील, आणि म्हणूनच विसरतेस. आता हेच काकांना विचारून शिक. डोळा कोरडा पडलाय का? अश्रूंची फांदी गँग्लियनपाशीच वेगळी होते. मंदिराच्या भोंग्याचा आवाज त्या कानाला टोचतो का? कानातलं सर्वांत चिमुकलं हाड आवरून धरणाऱ्या स्टॅपेडियस स्नायूची फांदी त्याच्या खाली सुटते; ती गेली की मोठा आवाज सहन होत नाही. चहाची गोडी जिभेच्या त्या बाजूला लागते का? पुढच्या दोन-तृतीयांश जिभेची चव कॉर्डा टिम्पनी आणते, ती आणखी खाली येऊन मिळते. तिन्ही ठीक आणि फक्त चेहरा ढिला, तर बिघाड अगदी खाली, नळीच्या तोंडाशी किंवा बाहेर. चव गेली, तर कॉर्डाच्या वर. आवाजही टोचतो, तर आणखी वर. दवाखान्यात आता जागा अशी चवीवरून ठरवत बसत नाहीत, गरज पडली तर एमआरआय करतात. पण अभ्यासाला यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही. एका माणसाच्या तीन उत्तरांत सातवीचा सगळा कोर्स येतो, आणि तो माणूस तुझा काका असल्यावर तू तो विसरणार नाहीस. (पॅरोटिडमधून जाते, पण पॅरोटिडला काहीच देत नाही. त्या ग्रंथीची लाळ नववीकडं आहे. परीक्षक हे विचारल्याशिवाय राहत नाहीत.)

लातूरच्या पाठांतराच्या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. तिनं आपल्या भागातल्या किती पोरांना डॉक्टर केलं, हे मी बघितलंय. पण ती पद्धत चार पर्यायांतून एक निवडायला शिकवते, आणि रुग्ण पर्याय देत नाही. बारा हा आकडा तरी काय? प्राचीन काळचा वैद्य गेलन सातच जोड्या मोजायचा. इंग्लंडच्या थॉमस विलिसनं 1664 मध्ये नऊ मोजल्या. बाराची आजची यादी 1778 मध्ये सॅम्युअल सोमरिंग या जर्मन विद्यार्थ्यानं आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडली, तेव्हा तो 23 वर्षांचा होता. मेंदू पालथा करून पुढून मागं ज्या क्रमानं नसा बाहेर पडताना दिसतात, तो हा क्रम. आकडा तेवढंच सांगतो: पहिल्या दोन मोठ्या मेंदूच्या, तिसरी-चौथी मिडब्रेनच्या (खोडाचा वरचा भाग), पाचवी ते आठवी पॉन्स आणि त्याच्या काठाच्या, नववी ते बारावी मेड्युलाच्या, अकरावीची मुळं मात्र मानेतल्या कण्यातून वर येतात. फक्त संवेदना आणणाऱ्या एक, दोन, आठ. फक्त हालचाल करवणाऱ्या तीन, चार, सहा, अकरा, बारा. उरलेल्या पाच, सात, नऊ, दहा दोन्ही कामं करतात. इतकं पाठ कर, बाकी पाठ करायचं नाही.

तुला ज्या प्रश्नानं रडवलं तो आता घे. बाजू कधीही पाठ करू नकोस. स्नायू ढकलतो की ओढतो, एवढंच स्वतःला विचार. जीभ बाहेर काढणारा स्नायू जीनिओग्लॉसस. दोन बाजूंना दोन, आणि प्रत्येक जण जिभेला पुढं आणि पलीकडं ढकलतो. उजवा निकामी झाला की डावा ढकलत राहतो, तो ढकलतो उजवीकडं. म्हणजे जीभ अशक्त बाजूला वळते. जबड्याचंही तसंच: पाचवीच्या हुकमातला लॅटरल टेरिगॉइड ढकलणारा आहे, तोंड उघडलं की जबडा अशक्त बाजूला सरकतो. पडजीभ उलटी, कारण टाळूचा स्नायू ओढणारा आहे. ‘आ’ म्हणायला लावलं की चांगली बाजू वर ओढते आणि पडजीभ चांगल्या बाजूला जाते; तो दहावीचा प्रांत. तोंडाचा कोपरा ओढला जातो, म्हणून तोही चांगल्या बाजूला. अकरावीचा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड मान पलीकडं फिरवतो, तर मान उजवीकडं फिरवताना तू डावा स्नायू चाचपतेस. पुन्हा वायवा झाला आणि बाजू आठवली नाही तरी चालेल, दोन सेकंद गप्प राहून स्नायू डोळ्यांसमोर आण. सरांना ती शांतता कळते.

डोळ्याच्या तिघी, तिसरी, चौथी, सहावी, एकत्रच शिक. सहावीकडं एकच स्नायू, डोळा बाहेर नेणारा लॅटरल रेक्टस. चौथीकडंही एकच, सुपिरिअर ऑब्लिक. बाकी सगळे तिसरीकडं, वर पापणी उचलणं आणि बाहुली लहान करणंही तिच्याकडंच. चौथी सर्वांत बारीक, आणि बारांपैकी एकटी मेंदूच्या खोडाच्या मागच्या बाजूनं निघते. ती गेली तर माणसाला खाली बघताना एकाचे दोन दिसतात. असा रुग्ण तुला सांगेल की बारवेच्या पायऱ्या उतरताना पाय कुठं टाकावा कळत नाही, आणि तो मान एका बाजूला कलती करून बसलेला असेल. सहावी लांबचा प्रवास करते. कवटीत दाब वाढला, टीबीचा मेंदुज्वर असला, की ती ताणली जाते. डोळा आत वळलेला दिसतो, पण बिघाड तिच्यात नसतोच. तिसरीत बाहुलीचे तंतू बाहेरच्या कडेला असतात. मधुमेहात नसेच्या आतल्या भागाचं रक्त कमी पडतं, म्हणून पापणी पडते पण बाहुली बहुधा शाबूत राहते. बाहेरून फुगलेली रक्तवाहिनी दाबू लागली तर बाहुली मोठी होते. पापणी पडलेली, बाहुली मोठी आणि डोकं दुखतंय असा माणूस आला, तर त्याला चहा पाजून बसवू नये, लगेच पुढं पाठवावं.

2021 च्या उन्हाळ्यात कोविडनंतर काळ्या बुरशीचे रुग्ण आले, तेव्हा आपल्याकडच्या दवाखान्यांनी कॅव्हर्नस सायनस, म्हणजे डोळ्यामागचा रक्ताचा कप्पा, पुस्तकात नाही तर माणसांत बघितला. नाकापासून सुरू झालेली बुरशी डोळ्यामागं जाई. डोळा गोठल्यासारखा स्थिर होई आणि कपाळ, गाल बधिर पडत. कारण त्या रक्ताच्या कप्प्याच्या भिंतीत तिसरी, चौथी आणि पाचवीच्या वरच्या दोन फांद्या शेजारी-शेजारी असतात, आणि सहावी मधोमध, कॅरॉटिड धमनीला लागून. शेजार कळला की एकाच वेळी कुणाकुणाला इजा होणार हे तुला आधीच सांगता येतं.

पापण्यांवरून एक आडवळण घेते, अभ्यासक्रमात पुढं कधीतरी येईल, पण आपल्या गावांना ते आधी लागतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावतो. जखम दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थकतो. घरचे म्हणतात झोप झाली नसेल. विष नसेला मारत नाही, नस आणि स्नायू जिथं भेटतात तिथं काम बंद पाडतं, आणि सुरुवात होते डोळ्यांच्या बारीक स्नायूंपासून. पावसाळ्यातल्या सकाळी कुणाच्या पापण्या पडताना दिसल्या, तर डास चावला की साप यावर वाद घालू नका. जिथं सर्पविषावरची लस आणि श्वासाचं यंत्र दोन्ही आहे, तिथं न्या.

पाचवी ही सर्वांत जाड. चेहऱ्याची संवेदना तिची, आणि चावण्याचे स्नायूही तिचेच, ते मात्र फक्त खालच्या, तिसऱ्या फांदीकडं. ओपीडीत एक प्रकारची बाई वारंवार भेटते. गालात वीज चमकल्यासारखी कळ येते, भाकरी चावताना, तोंड धुताना, नुसता वारा लागला तरी. कळ काही सेकंदांची, पण दिवसात कितीतरी वेळा. तिचे एका बाजूचे दोन-तीन दात आधीच काढलेले असतात, आणि कळ तशीच. हा दाताचा रोग नाही, पाचवीच्या मुळाशी बहुधा एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. कार्बामॅझेपिन नावाच्या गोळीनं बऱ्याच जणींना आराम पडतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायची असते, रक्त तपासावं लागतं. तू फक्त तीन फांद्यांचे तीन पट्टे तुझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर बोटानं काढून बघ. कपाळ ते नाकाचा शेंडा पहिलीचा. गाल, वरचा ओठ, वरचे दात दुसरीचे. खालचा ओठ, हनुवटी, खालचे दात तिसरीचे. जबड्याचा कोपरा पाचवीचा नाही, तो मानेच्या नसांचा. म्हणून ‘सगळा अर्धा चेहरा जबड्याच्या कोपऱ्यासकट बधिर’ असं कुणी सांगितलं की कान टवकारायचे. आणि नागीण नाकाच्या शेंड्यावर उठली तर डोळ्याच्या डॉक्टरकडं त्याच दिवशी, कारण तीच फांदी डोळ्यातही जाते.

पॅरासिम्पथेटिक हा शब्द तुला जड वाटत असेल. लाळ, अश्रू, पचन, नाडी मंद ठेवणं अशी आपोआप चालणारी कामं करवणारी ही यंत्रणा; तिच्या जोडीची दुसरी सिम्पथेटिक. तिसरी, सातवी, नववी, दहावी, या चौघी ते काम करतात. याचा तक्ता करू नकोस. खरीप सुरू झाला, कापसावर फवारणी सुरू झाली, की कॅज्युअल्टीत वाऱ्याच्या दिशेनं फवारा अंगावर घेतलेला माणूस येतो. फवारणीच्या काही औषधांनी, ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या, ॲसिटाइलकोलिन (नसेच्या टोकाशी सुटून निरोप पोचवणारं रसायन) मोडणारं एन्झाइम बंद पडतं आणि ॲसिटाइलकोलिन साचत जातं. मग बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात: तिसरी. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून लाळ थांबत नाही: सातवी आणि नववी. नाडी मंदावते, छातीत घरघर, पोटात कळा: दहावी, व्हेगस. एका खाटेवर चारही नर्व्हज एकाच वेळी जास्तीचं काम करताना दिसतात. घामही येतो, पण तो त्यांचा नाही, तो सिम्पथेटिकचा आहे, जरी तिथंही रसायन तेच. त्या रसायनाला अडवणारं ॲट्रोपिन दिलं की छाती कोरडी होते, नाडी वर येते. हे रसायन व्हेगसच्या टोकाशी खरंच सुटतं, हे ऑटो लोवी यानं 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस चेतवली, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, आणि तेही मंदावलं. 1936 चं नोबेल त्याला आणि हेन्री डेलला त्यासाठीच मिळालं.

या रुग्णांचं एक सांगून ठेवते, इंटर्नशिपला उपयोगी पडेल. माणूस शुद्धीवर येतो, लाळ थांबते, घरचे डिस्चार्ज मागू लागतात, आणि एक ते चार दिवसांच्या दरम्यान तो पुन्हा घसरतो. तेव्हा बाहुली बारीक नसते, लाळही नसते. त्याला उशीवरून डोकं उचलता येत नाही, पापण्या पडतात, गिळताना ठसका लागतो. मग श्वास. ॲट्रोपिन या अशक्तपणावर काम करत नाही. म्हणून राउंडला रोज त्याला सांगायचं, मामा, उशीवरून डोकं उचला बरं. इतकी साधी तपासणी आणि इतकी मोलाची, दुसरी मला चटकन आठवत नाही.

व्हेगसचं आणखी थोडं. कानात काडी फिरवली की काही जणांना खोकला येतो, तो तिच्या कानाच्या छोट्या फांदीमुळं. तिची स्वरयंत्राकडं जाणारी फांदी रिकरंट लॅरिंजिअल; डावी छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळून वर गळ्यात येते, उजवी मानेच्या तळाशीच वळते. म्हणून बिडी ओढणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला तर गळ्याबरोबर छातीचाही फोटो काढतात. नववीचं मागच्या एक-तृतीयांश जिभेची चव, घशाची संवेदना आणि कॅरॉटिडपाशी बीपीची खबर, एवढं पुरे. अकरावी मानेच्या बाजूला कातडीच्या अगदी जवळून जाते. गंडमाळेची गाठ काढताना ती कापली गेली तर खांदा उतरतो आणि बाई डोक्यावर घागर घ्यायला गेली की हात वर जात नाही. आठवीसाठी, म्हणजे ऐकणं तपासायला, 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क तुमच्या फिजिऑलॉजीच्या कपाटात पडलेला असेल. दुसरी ही खरं तर नस नाहीच, मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, मेंदूची तिन्ही आवरणं तिच्याभोवती असतात. म्हणून कवटीतला दाब डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतो.

तू चुकीच्या जागी आलेली नाहीस. पहिल्या वर्षाच्या मुलीला अंगणात उभं करून निदान विचारलं, आणि तिला ते आलं नाही, यात तुझा काही दोष नाही. गावाला घाई असते आणि अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असतो.

आता काय करायचं ते सांगते. बोन सेटमधली कवटी घे आणि खराट्याच्या काड्या घे. सुपिरिअर ऑर्बिटल फिशर, फोरामेन रोटंडम, फोरामेन ओव्हेल, ज्युग्युलर फोरामेन, हायपोग्लॉसल कॅनाल, प्रत्येकातून काडी घाल आणि ती दुसऱ्या बाजूला कुठं निघते ते बघ. फोरामेनची नावं त्यानंतर वाच. रात्री रूममेटवर तपासणी कर, आणि दर वेळी एक नर्व्ह मनातल्या मनात कापून टाक: हिची डावी पाचवी गेली असती तर आत्ता मला काय दिसलं असतं? डोळ्याला कापसाचं टोक लावलं आणि पापणी मिटली नाही, तर खबर नेणारी पाचवी गेली की मिटवणारी सातवी, हे दुसऱ्या डोळ्याकडं बघून ठरव. लेन्स लावणाऱ्या मुलींवर मात्र हे करू नकोस, आणि कापूस पांढऱ्यावर नाही, बुबुळाच्या कडेला अलगद लावायचा. पहिल्या नर्व्हसाठी डोळे मिटायला लावून एक नाकपुडी बंद कर आणि कॉफीची पूड, वेलदोडा किंवा साबण हुंगायला दे, एकेका नाकपुडीला वेगळं. तपकीर, अमोनिया, चिरलेला कांदा देऊ नकोस. ते नाकाला झोंबतात, आणि झोंबणं पाचवीला कळतं, वास अजिबात न येणाऱ्या माणसालाही.